शिळा जवाब

चष्मा सापडला, तरी सही झाली नाही.

सकाळी देवराव म्हणाले होते, चष्मा नाही तर कागद वाचू कसा, आणि न वाचता सही करू कशी. म्हणणं रास्त होतं. मग बायकोच्या, मनकर्णाबाईंच्या थैलीत, कपड्यांच्या अगदी तळाशी, चष्मा निघाला. तेव्हा म्हणाले, जेवून करतो. जेवण झालं, सुपारी तोंडात पडली, भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले, आणि म्हातारबा खिडकीशी खुर्ची ओढून बाहेरच्या पेरूकडे असे बघत बसले, जसं काही आयुष्यात पेरूचं झाडच पाहिलं नव्हतं.

मिथुनला हे सगळं दिसत होतं. बापाला बोलायची त्याची प्राज्ञा नव्हती, म्हणून बोट बोलत होतं. टक्, मग टक-टक, मग जरासा दम, पुन्हा टक्. वीस वर्षं वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्याजवळ ड्युटी केलेल्या माणसाचं बोट ते. पट्ट्याचा जोड रोलरवरून गेला की असाच आवाज यायचा. माणूस ड्युटीवरून घरी यायचा, पण बोट काही सुटत नव्हतं. रीनाने लग्नानंतर पहिली पाच वर्षं त्या बोटावर हात ठेवून पाहिला, मग तिनेही नाद सोडला.

दर वर्षी पंधरा ऑक्टोबरला अलोणे मंडळी ऊर्जानगरच्या या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये जमत. सोळाला सकाळी पांढरे कपडे घालून, छप्पन साली त्याच तारखेला जिथे बौद्ध धम्माची दीक्षा झाली त्या चंद्रपूरच्या, म्हणजे जुन्या चांद्याच्या, दीक्षाभूमीवर जायचं, दुपारी परत येऊन जेवायचं, संध्याकाळी ज्याची त्याची एसटी. देवराव आणि मनकर्णाबाई चिमूरकडून आदल्या दिवशीच येत. मिथुनची धाकटी बहीण हर्षा अहेरीला शाळेत मास्तरीण, ती दुपारच्या गाडीने यायची. इतकी वर्षं या जमण्यात भांडण झालंच तर ते सांभारवडीत तिखट किती यावरून. यंदा टेबलावर हा कागद होता, वर उडू नये म्हणून मिठाची बरणी ठेवलेली.

कागद मिथुनच्या पोराचा, राजदीपचा होता. म्हणजे गाणं राजदीपचं, कागद नागपूरच्या प्रणितचा. हा प्रणित नव्या पोरांची गाणी रेकॉर्ड करून बाजारात आणायचा. त्याला राजदीपचं गाणं आवडलं होतं आणि उद्या, सोळा तारखेच्या मुहूर्तावर, ते सगळीकडे सोडायचं ठरलं होतं. फक्त एक होतं. गाण्याच्या मधोमध देवरावांच्या आवाजातल्या चार ओळी होत्या, आणि त्या ओळी माझ्या आहेत, नातवाला दिल्या, असं त्यांनी लिहून द्यायचं होतं. प्रणित उद्या सकाळी आठला कागद न्यायला येणार होता.

आणि या कागदाच्या मागे आणखी एक कागद होता, मिथुनच्या शर्टाच्या खिशात. राजदीपचं अप्रेंटिसचं पत्र. अठरा तारखेला हजर व्हायचं. बापलेकांत मागच्याच महिन्यात ठरलं होतं. गाणं सोळाला रीतसर बाहेर आलं तर पोराला एक वर्ष मोकळं, जे करायचं ते कर. नाही आलं तर अठराला मुकाट्याने डबा घेऊन बापासोबत.

"मी जबान देल्ली हाये," मिथुन तेव्हा म्हणाला होता, "पण तूही दे."

राजदीपने दिली होती.

खरं सांगायचं तर पोराच्या या नादाला मिथुनने सुरुवातीला नादच म्हटलं, त्याच्यावर काही नाही. पंधराव्या वर्षी राजदीप हिंदीत रॅप करायचा. त्यात गल्ली होती, पोलीस होते, चाकू होते, समुद्रसुद्धा होता. एकदा हर्षाने ते ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "बेटा, तू कोणत्या गल्लीत राह्यते? तुह्या क्वार्टरले तं कंपाउंड हाये. अन् समुद्र कधी पाह्यला बाप्पा तुनं?" पोरगा आठ दिवस आत्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी त्याने हिंदीची वही रद्दीत टाकली.

मग टाळेबंदी आली, शाळा बंद झाली, आणि राजदीप आजा-आजीकडे गावी जाऊन राहिला तो दीड वर्ष. तिथे तो काय शिकला हे मिथुनला उशिरा कळलं. तलावाच्या पाळीवर बसून म्हाताऱ्यांच्या गोष्टी ऐकल्या. देवरावांचे जुने सोबती त्याला सांगत, तुहा आजा म्हणजे कोण होता माहीत हाये का, दुय्यम सामन्यात देवराव अलोणे बसला म्हणजे तीन गावचे लोक बंड्या जुंपून येत. दुय्यम सामना म्हणजे दोन गायन पार्ट्या समोरासमोर. एकीने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीने तिथल्या तिथे, त्याच चालीत जवाब द्यायचा. राजदीपने ते ऐकलं आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला. ज्यासाठी तो मोबाईलवर परदेशातली पोरं बघत होता, ते त्याच्या घरात चाळीस वर्षांपूर्वी होऊन गेलेलं होतं.

तेव्हापासून तो आपल्या बोलीत लिहू लागला. आधी मोहफुलांवर, मग धानाच्या रोवण्यावर, मग स्वतःच्या बापावर. नाव घेतलं राजदीप झाडीवाला. "अलोणे आडनावाले काय झालं?" मिथुनने विचारलं होतं. पण एके दिवशी ड्युटीवरच्या एका पोराने त्याला मोबाईलवर ऐकवलं,

बाप माहा बोलत नाई, बोट त्याचं बोलते,
घरी येते माणूस तरी ड्युटी त्याची चालते.

खाली ताल तोच, टक्, टक-टक, दम. मिथुन हात धुवायला म्हणून नळावर गेला आणि बराच वेळ आला नाही. त्या दिवशी त्याला पोराचा अभिमान वाटला आणि त्याचा रागही आला, की हे आपल्याला घरात का सांगितलं नाही. घरी मात्र तो काही बोलला नाही. बोलणारा असता तर गाणं तरी कशाला झालं असतं.

एक गोष्ट मात्र गावी सगळ्यांनी राजदीपला सांगितली होती, जी घरात मिथुन लहानपणापासून ऐकत आला होता. देवरावांचा घसा गेला. मिथुन सहा वर्षांचा असताना त्यांना टायफॉईड झाला, कुणीतरी कडक औषध दिलं, आवाज बसला तो बसलाच. तेव्हापासून ते गायले नाहीत. फक्त वांग्याला पाणी देताना किंवा दोर वळताना चार ओळी तोंडातल्या तोंडात म्हणत. नेहमी त्याच चार. राजदीपने त्या चोरून रेकॉर्ड केल्या, गाण्यात बसवल्या, एक मिनिटाचा तुकडा मोबाईलवर टाकला आणि वर लिहिलं, माझ्या आबाजीचं गाणं. तो तुकडा नागपूरपर्यंत गेला. गावी जाऊन आजोबाला ऐकवला, तेव्हा देवराव उठून वावरात निघून गेले. पोराला वाटलं, म्हाताऱ्याचं मन भरून आलं.

साडेतीनला हर्षा आली. हातात सीताफळांची पिशवी, केस धुळीने पांढरे.

"आष्टीपासून उभी आली," ती म्हणाली. "झाली का सही?"

रीनाने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि डोळ्यांनीच खिडकीकडे खूण केली.

"बाबा," हर्षा सरळ बापाजवळ जाऊन जमिनीवर बसली. ती घरातली एकटीच होती जी बापाला थेट विचारू शकत होती. "काऊन करून नाई राह्यले सही? कायची भीती हाये? हे लोक तुमचं घर लिहून नाई घेत."

"भीती कायची," देवराव म्हणाले.

"मंग?"

"पाहू उद्या."

"उद्या आठले पोरगा येऊन राह्यला नागपूरवरून."

"मंग आठले पाहू."

रीना ओट्यापासून म्हणाली, "बाबाजी, माह्या पोराचं वर्ष हाये याच्यात. तुमचं तं नाव होऊन राह्यलं." रीना सासऱ्याशी कधी असं बोलायची नाही. ती आधी या रॅपच्या विरोधात होती, सरकारी नोकरीचं तिला भारी कौतुक होतं. पण मागच्या महिन्यात बाजारात एका बाईने तिला राजदीपची मम्मी म्हणून ओळखलं, आणि त्या दिवसापासून सरकारी नोकरी जरा मागे पडली होती.

मिथुनची गंमत वेगळीच. गाणं नाही निघालं तर पोरगा अठराला त्याच्यासोबत, म्हणजे त्याला हवं तेच. तरीही सकाळपासून तो त्या कागदाकडे बघून तळमळत होता. आपल्याला नेमकं काय हवं आहे, याचा त्याला दुपारपर्यंत पत्ता लागला नव्हता.

"बाबा," शेवटी तो म्हणाला, "करून टाका न. एक सही तं हाये."

तेव्हा दाराशी तांदूळ निवडत बसलेल्या मनकर्णाबाई, ज्या सकाळपासून एक शब्द बोलल्या नव्हत्या, सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "नका करू."

सगळे वळले.

"माय, तू काय म्हणून राह्यली?" मिथुन म्हणाला.

"मी त्याईले म्हणून राह्यली. सही नका करू म्हटलं. चाळीस वर्ष झाकलं ते तुमचं होतं. आता पोराच्या नावानं लबाडी नको."

राजदीप आतल्या खोलीच्या दारात उभा होता. गळ्यात हेडफोन, हातात पेन, सकाळपासून तेच पेन. तो हळूच म्हणाला, "आबाजी, काय झालं?"

देवरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला. मग म्हणाले, "ते गाणं माहं नाई."

राजदीप दारातून पुढे आला.

"म्हण," देवराव नातवाला म्हणाले. "तूच म्हण एकदा. पूर्ण."

राजदीपने चाल न लावता, साध्या आवाजात म्हटलं,

चांद्याच्या त्या मैदानात गेला सारा गाव,
घरी राह्यली चुलीपाशी, तिचं नाई नाव.
शब्द नाई ऐकला जिनं आपल्या या कानानं,
सांग गड्या, बौद्ध झाली ते कोणत्या मानानं?

"हा सवाल हाये," देवराव म्हणाले. "तुले समजलं नाई, कारण तुनं सामना पाह्यला नाई. गाणं नोय ते. गुलाबबाईचा सवाल हाये. पंच्याऐंशीमंधी अहेरीले तिनं मले टाकला. पंचवीस वर्षाची पोरगी होती ते. मी एकतीसचा, नावाजलेला. दीक्षेवर दहा वर्ष गात होतो, सारा चांदा मले तोंडपाठ. कोण कोण आलं, कोणी कोणतं लुगडं घातलं, सारं गाण्यात होतं. अन् या पोरीनं पुसलं, जे बाई घरी राह्यली ते बौद्ध कशी झाली?"

"मंग?" हर्षा म्हणाली.

"मंग काय. ढोलकीवाला मले पाहे, पेटीवाला मले पाहे. माह्याजवळ जवाब नाई. आमच्या सामन्याचा कायदा होता. पहाटे मांडवातली बत्ती उतरवायच्या आंधी जवाब द्यायचा, नाई तं हरलेल्यानं आपल्या हातानं बत्ती उतरवायची. दिवस निंगाले आला. मी उठलो अन् बत्ती उतरवली."

"अन् घसा?" मिथुनने विचारलं. त्याचं बोट थांबलं होतं.

"घसा बरा हाये."

मिथुनला काय वाटलं ते एका शब्दात सांगता येणार नाही. सहा वर्षांचा असताना तो बापासाठी रोज मध-हळद घेऊन उभा राहायचा. दहावीपर्यंत त्याने शाळेत गाणं म्हटलं नाही, बापाला वाईट वाटेल म्हणून. स्वतःच्याच घरात तो चाळीस वर्षं एका खोट्याची चाकरी करत होता. त्याला राग आला, अगदी स्वच्छ राग.

"मी मध आणत होतो तुमच्यासाठी," तो म्हणाला. "सोमाजीच्या घरून. कुत्रं लागे मांगं."

"माहीत हाये."

"मंग पेत कायले होते?"

"तू आणत होता म्हणून," देवराव म्हणाले.

हर्षा जमिनीवरून उठली. तिचा चेहरा बदलला होता. "थांबा. अहेरीले? म्हणून तुमी बारा वर्ष झाले माह्या घरी येत नाई? बस लागते, इतकी लांब बस लागते... मी तुमच्यासाठी लिंबू घेऊन, गोळ्या घेऊन चिमूरले आली दोनदा."

देवरावांनी उत्तर दिलं असतं तरी हर्षाने ऐकलं नसतं, कारण ती आता आपल्याच विचारात होती. "गुलाबबाई," ती म्हणाली. "मुलींच्या होस्टेलात स्वयंपाक करत होत्या, त्याच का? उजव्या गालावर गोंदण?"

"हो."

"दोन गल्ल्या सोडून राह्यते बाबा ते माह्यापासून. सणाले डबा देतो मी त्याईले. एकदा मले पुसलं होतं, मॅडम, तुमचे वडील काऊन येत नाई?"

मनकर्णाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "तिले माहीत असन," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात राजदीपचा फोन वाजला. प्रणित. राजदीपने आत न जाता तिथेच सगळं खरं सांगितलं. ओळी आजोबांच्या नाहीत, दुसऱ्या कुणाच्या आहेत. पलीकडून आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. प्रणित हसला. "एवढंच न? अरे भौ, पारंपरिक लिहून टाक. लोकगीत. कोणाची सही नाई लागत, काही नाई. सगळे तेच करतात. उद्या गाणं जाते आपलं."

राजदीपने बापाकडे पाहिलं.

आणि मिथुनच्या तोंडून निघून गेलं, "लिहून टाक." म्हटल्याबरोबर त्याची त्यालाच लाज वाटली, पण शब्द गेला तो गेला. दुपारभर ज्याचा पत्ता लागत नव्हता ते असं बाहेर पडलं. पोराचं गाणं निघावं, हेच त्याला हवं होतं. इतकं हवं होतं की त्यासाठी एका म्हाताऱ्या बाईचं नाव पुसायलाही तो तयार झाला होता.

"नाई बाबा," राजदीप म्हणाला. आवाज चढवला नाही. "तिनं सवालच हा केला, का घरी राह्यलेल्या बाईचं नाव काऊन नाई. अन् आपण तिचंच नाव काढून टाकाचं?" मग फोनमध्ये म्हणाला, "प्रणितभौ, उद्या नाई जमत. मी कळवतो." फोन ठेवला, आणि हातातलं पेन टेबलावर, मिठाच्या बरणीजवळ ठेवलं. "अठराले मी येतो तुमच्यासंगं. जबान देल्ली हाये."

रीनाने तोंड ओट्याकडे फिरवलं. मिथुनच्या खिशातला कागद त्याला एकदम जड वाटला.

"हर्षाआत्या," राजदीप म्हणाला, "त्याईले फोन लाव. माफी तं मांगू दे. तुकडा टाकला न मी, आबाजीचं गाणं म्हणून."

हर्षाने फोन लावला, आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. बराच वेळ वाजत राहिला.

"कोण मॅडम? पोचल्या का चांद्याले?" म्हातारी बाई, पण आवाज कसा, ठणठणीत.

"पोचली गुलाबबाई. माहा भाचा बोलतो तुमच्यासंगं."

"तो गाणारा?" गुलाबबाई म्हणाल्या. "होस्टेलच्या पोरी दिवसभर वाजवतात तुहं. ऐकलं मी."

राजदीपने हात जोडले, जसं काही ती बाई समोर होती. "आजी, माही चूक झाली. मले वाटलं आबाजीचं हाये. मी नाव बदलवतो. तुमचं नाव टाकतो, तुमी म्हणान तसं."

"नावाचं पाहू मांगून. तू चांगलं म्हणते. पण बेटा, ज्याचा जवाब नाई झाला तो सवाल हरलेल्याच्या घरानं म्हणू नाई. कायदा हाये आमचा. तुले कोणी सांगतलं नसन." मग आवाज जरा खाली आला. "देवरावभाऊ हायेत का तिथी?"

हर्षाने बापाकडे पाहिलं. देवराव खुर्चीतून उठले. उठायला वेळ लागला. टेबलाशी येऊन ते फोनच्या वर वाकले, फार वाकले, जसा माणूस विहिरीत डोकावतो.

"हावो गुलाबबाई."

"बरे हा?"

"बरा हाये. जवाब हाये माह्याजवळ."

देवरावांनी दोन्ही हात टेबलावर टेकले.

"दुसऱ्या दिवशी भेटला," देवराव म्हणाले. "घरी आलो, माय अंगण सारवून राह्यली होती. तिले पुसलं. पह्यल्यांदा पुसलं. माय, तू चांद्याले गेल्ती का? तं ते हासली. म्हणे, इतके वर्ष गाणे म्हणून राह्यला, अन् आता पुसतं का बापू? मी दोन वर्षाचा होतो, अंगात ताप होता, म्हणून ते घरी राह्यली. जवाब माह्या घरात होता गुलाबबाई, अन् मी गावोगाव हिंडलो. मंग कोणत्या तोंडानं गाऊ? म्हणून सोडलं. तू हरवलं म्हणून नाई."

"बैल गेला अन् झोपा केला," मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या. पण त्या म्हणण्यात टोचणी नव्हती.

"शिळा जवाब हाये," देवराव फोनला म्हणाले. "चालन का?"

"माहा सवाल कुठी ताजा राह्यला," गुलाबबाई म्हणाल्या. "द्या."

देवरावांनी घसा खाकरला. सूर धरायला गेले, सूर आला नाही. चाळीस वर्षांत गंज चढला होता, जे खोटं होतं ते खरं झालं होतं. ते थांबले. तेव्हा मिथुनचं बोट टेबलावर पडलं. त्याने मुद्दाम केलं की आपोआप झालं, हे त्याला पुढेही कधी सांगता आलं नाही. टक्, टक-टक, दम. राजदीपने आजोबाकडे पाहिलं आणि नुसतं म्हटलं, "बोला आबाजी. गाऊ नका. बोला."

आणि देवराव बोलले. त्या ठोक्यावर, एकेक शब्द ठेवत.

गाव गेला चांद्याले, मोहल्ला झाला सुना,
ढोर मेलं मालकाचं, हाका आल्या पुन्हा.
कडेवरती लेकरू, दारात उभी राह्यली,
'नाई उचलत' म्हणली, अन् पाठ नाई दावली.
ऐकला नाई शब्द तिनं, कबूल मले हाय,
घेणाऱ्याच्या एक दिस आंधी पाळून बसली माय.

मिथुनचं बोट आणखी दोन ठोके चाललं आणि थांबलं.

"मेलेलं ढोर उचलणं तिनं पंधराले नाकारलं, दीक्षा सोळाले झाली," देवराव म्हणाले. "लोकायच्या बंड्या चांद्याले पोचल्याबी नवत्या. आजचाच दिवस."

रीना पदराने डोळे पुसत होती आणि ते लपवत नव्हती. मिथुनला आजी आठवली, अंगण सारवणारी, कमरेत वाकलेली, जिच्याबद्दल त्याला एवढंच माहीत होतं की ती चहात गूळ टाकायची. अठ्ठ्याऐंशी वर्षं जगून गेली ती बाई, आणि घरातल्या कुणालाच हे माहीत नव्हतं. आपण पट्ट्याच्या जोडाचा आवाज पाठ केला, आणि हे कधी विचारलं नाही, याचं त्याला मनापासून वाईट वाटलं.

हर्षाने लाइन कटली की काय म्हणून वाकून पाहिलं.

"देवरावभाऊ," गुलाबबाई म्हणाल्या. आवाज तोच, पण आता थोडा ओला. "मायचं नाव काय होतं?"

"तुळसा."

"लिही रे बेटा. सवाल गुलाब. जवाब तुळसा. आता म्हण तुले जिथी म्हणाचं तिथी. पण सवाल माह्या आवाजात पाह्यजे, तुह्या आज्याच्या नाई. तो मशीन घेऊन ये इकडं. मॅडमच्या घरी या सारे. अठराले या, सतराले माह्या घरी पाव्हणे हायेत."

अठरा म्हटल्याबरोबर राजदीपने मान खाली घातली. "अठराले नाई जमत आजी. मले..."

"जमते," मिथुन म्हणाला.

त्याने खिशातला कागद काढला, उघडला नाही, फक्त मिठाच्या बरणीखाली, प्रणितच्या कागदाच्या खाली सरकवला. "मुदत सोळाची होती खरी, पण बत्ती उतरवली कुठी मी अजून? एक वर्ष देल्लं होतं, ते देल्लं. अठराले मी सुटी टाकतो." मग नेहमीसारखा तो कामाचं बोलू लागला, कारण याहून जास्त बोलणं त्याला झेपणारं नव्हतं. "गाडी भाड्यानं करू. बाबाले बस लागते. गोंडपिपरीच्या आंधी एकदा थांबू, लिंबू घेऊ, अन् समोर बसवू त्याईले..."

"बस लागत नाई मले," देवराव म्हणाले.

ते मिथुनला नाही, हर्षाला म्हणत होते. हर्षा सीताफळांची पिशवी रिकामी करत होती, तिचा हात तिथेच राहिला.

"कधीच लागली नवती बाई," ते म्हणाले. "मी एसटीनंच येतो तुह्या घरी."